जाईचं फळ

आमच्या कोकणातल्या घरांत जायफळ दोन ठिकाणी सापडतं. एक, सणासुदीच्या मसाल्याच्या डब्यात, वेलदोड्यांच्या शेजारी. दुसरं, बाळगुटीच्या डबीत, सहाणेजवळ. पुरणात, श्रीखंडात, बासुंदीत ते किसून पडतं ती गोष्ट वेगळी. पण माणसाची आणि जायफळाची पहिली गाठ त्याच्या फार आधी पडते. दात यायच्या आधी, बोलता यायच्या आधी, आईच्या दुधात उगाळलेलं जायफळ आपल्या जिभेवर आलेलं असतं. चव कळते, नाव कळत नाही. नाव कळायला लागतं तेव्हा मग त्याचा अर्थ विचारावा असं कुणाला वाटत नाही. मिरीला मिरी का म्हणतात, हळदीला हळद का म्हणतात, हे कोण विचारतो?

मी शेतकरी माणूस. शाळा दहावीपर्यंत झाली, पुढं आगरात उतरलो तो उतरलोच. माड, पोफळी, मिरीचे वेल, आणि गेली अडतीस वर्षं जायफळ. ज्या झाडानं एवढी वर्षं घर चालवायला हातभार लावला त्याच्या नावाचा अर्थ काय, हे मला आधी माहीत नव्हतं. तो शोधायला गेलो तेव्हा लक्षात आलं की त्या नावात बरंच काही दडलंय, आणि त्यातलं थोडं आमच्या घरातलंही आहे.

आमच्या आईचं म्हणणं असं, की जाय म्हणजे लेक आणि माय म्हणजे आई. कारण बाळगुटीत जायफळाच्या बरोबर मायफळ असतं. दोघांचा एकेक वेढा सहाणेवर. "लेकीशिवाय आईला आणि आईशिवाय लेकीला गुण नाही," असं ती उगाळता उगाळता म्हणायची. आता मायफळ म्हणजे मुळात फळच नव्हे. परदेशातल्या ओक नावाच्या झाडाच्या फांदीवर एक बारीक माशी अंडी घालते, आणि झाड त्या जागी गाठ धरतं. ती वाळलेली गाठ म्हणजे आपलं मायफळ. दोन्ही गोष्टी परमुलखातल्या, पण आईनं त्यांना मायलेकी करून टाकलं होतं.

आमच्या गावात एक निवृत्त गुरुजी राहायचे. संस्कृतचे. त्यांच्याकडे वामन शिवराम आपट्यांचा जाडजूड कोश होता. हे आपटे मूळचे आपल्याच सावंतवाडीकडचे, आणि त्यांचा कोश १८९० सालचा. एका पावसाळ्यात नारळ पोचवायला गेलो असताना मी गुरुजींना आईचं म्हणणं सांगितलं. ते हसले नाहीत. त्यांनी कोश काढला, चष्मा लावला, आणि मला वाचून दाखवलं.

जायफळ हे संस्कृतातलं 'जातिफल' किंवा 'जातीफल'. आणि 'जाति' या शब्दाखाली जे अर्थ दिलेले आहेत ते असे: जन्म. कुळ, वर्ण, प्रकार. जाईचं फूल. जायफळ. एकाच शब्दाच्या पोटात हे सगळं. 'जाति'तला 'त' बोलता बोलता झिजला आणि फुलाची झाली जाई, फळाचं झालं जायफळ, आणि जातिपत्रीची झाली जायपत्री. हिंदीवाल्यांनी तिला जावित्री केलं. केरळात अजून 'त' शाबूत आहे, तिथं जातिक्का म्हणतात. तमिळमध्ये जातिक्काय. 'काय' म्हणजे कच्चं फळ.

म्हणजे जायफळ हे जाईचं फळ. विहिरीच्या कठड्यावर वेल चढवतो ती जाई, बायका संध्याकाळी वेचून गजरा करतात ती जाई.

मी म्हटलं, "गुरुजी, पण जाईला असलं फळ कुठं येतं? आणि आमच्या झाडाचा जाईशी काय संबंध? पान वेगळं, फूल वेगळं, जाई वेल आहे आणि हे झाड तीस-तीस फूट चढतं."

गुरुजी म्हणाले, "झाड बघितलं असतं तर असं नाव ठेवलं असतं का?"

या एका वाक्यावर मी पुढं कितीतरी वर्षं विचार करत राहिलो. आपल्या लोकांनी जायफळ दोन हजार वर्षं खाल्लं. चरकसंहितेत तोंडाला सुवास राहावा म्हणून तोंडात धरायच्या वस्तू सांगितल्या आहेत, त्यात जाती आहे, लवंग आहे, सुपारी, कंकोळ, कापूर, वेलची आहे. आपला त्रयोदशगुणी विडा त्याच घराण्यातला. जायफळ आणि जायपत्री त्यात अजून टिकून आहेत. पण हे खाणाऱ्यांनी, त्यावर ग्रंथ लिहिणाऱ्यांनी झाड पाहिलेलं नव्हतं. त्यांच्या हाती यायची ती वाळलेली बी. जहाजातून, पेठेतून, दहा हातांतून आलेली. तिचा वास घेतला, आणि आपल्या दारात जो सगळ्यात चांगला वास होता त्याचं नाव तिला देऊन टाकलं.

जायपत्रीचंही तसंच. ती पत्री नव्हे, पान नव्हे. बीवर लाल जाळीसारखं जे वेष्टण असतं ते काढून वाळवलं की जायपत्री. आजही बाजारात बरेच लोक तिला जायफळाचं फूल समजतात. वाळलेली वस्तू पाहून ठेवलेलं नाव असंच असायचं.

इतकी वर्षं खाऊनही ते झाड आपल्याकडे कुणी का लावलं नाही, हे मला कोशात सापडलं नाही. त्याचं उत्तर आगरात होतं. जायफळाची बी ताजी असेल तरच रुजते. फळ उकललं, बी काढली की लगोलग ती ओल्या वाळूत नाहीतर मातीत गेली पाहिजे. आठ-दहा दिवस उघडी राहिली, वाळली, की मेली. बाजारातलं जायफळ आणून कितीही शेणखतात घाला, कोंब येणार नाही. आंब्याची कोय, फणसाची आठळी जशी फार दिवस थांबत नाही, तसंच. महिनोन्‌महिने जहाजातून येणारी बी आपल्या किनाऱ्याला लागायची तेव्हा तिच्यात वास शिल्लक असायचा, जीव नसायचा. त्यामुळं तिच्या वासाला नाव मिळालं. झाडाला आपल्याकडे नावच नव्हतं.

मग मला छंद लागला, की बाकीच्या लोकांनी याला काय नावं ठेवली असतील? गुरुजींकडून आणि तालुक्याच्या वाचनालयातून जमेल तसं गोळा केलं.

फारसीत जौज-ए-बूया. जौज म्हणजे कवचाचं फळ, आणि बू म्हणजे वास. हिंदी सिनेमात 'बू' म्हटलं की नाक मुरडतात, पण फारसीत बू चांगलीही असते. अरबांनी त्याला सुगंधाचं फळ म्हटलं. म्हणजे त्यांनीही झाड पाहिलेलं नाही, त्यांच्याही हातात आपल्यासारखी वाळकी बी.

युरोपात ती आणखी लांबून पोचली. लॅटिनमध्ये त्यांनी नाव ठेवलं नुक्स मस्काटा, म्हणजे कस्तुरीच्या वासाचं कवचफळ. तेच जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत येता येता झिजलं आणि नटमेग झालं. 'नट' म्हणजे कवचफळ, आणि 'मेग' हा कस्तुरीचा, म्हणजे 'मस्क'चा उरलेला तुकडा. जाईतला 'त' जसा आपण खाल्ला तसा त्यांनी मस्कमधला 'स' खाल्ला. बोलणाऱ्यांच्या तोंडी शब्द सगळीकडे सारखाच झिजतो, चपलेच्या टाचेसारखा.

पण खरी गंमत पुढं आहे. हा मस्क आला फारसीतल्या मुश्कवरून. आणि मुश्क आला संस्कृतातल्या 'मुष्क'वरून, असं बहुतेक कोशकार मानतात. मुष्क म्हणजे काय? गुरुजी इथं थोडे अडखळले. मग म्हणाले, "तू शेतकरी आहेस, तुला सांगायला हरकत नाही. मुष्क म्हणजे अंडकोश." कस्तुरीमृगाच्या पोटाखाली कस्तुरीची जी पिशवी असते तिच्या आकारावरून ते नाव पडलं. आणि ती पिशवी फक्त नरालाच असते.

मी घरी येऊन हे बायकोला सांगितलं तेव्हा ती पदर तोंडाला लावून हसली. म्हणजे बघा, आपण या बीला जाईच्या फुलाचं नाव दिलं आणि इंग्रजांनी नर हरणाच्या गाठीचं. दोन्ही नावं मुळात आपल्याकडूनच निघालेली. एक सरळ घरात राहिलं, दुसरं इराण, रोम, फ्रान्स करत करत बिलायतेला गेलं.

आता ज्यांच्या दारात हे झाड होतं त्यांनी काय नाव ठेवलं? जायफळाचं मूळ घर म्हणजे इंडोनेशियातली बांदा बेटं. हे बांदा आपल्या सावंतवाडीजवळचं नव्हे, नावाचा योगायोग आहे. समुद्रात ठिपक्यांसारखी दहाएक लहान बेटं. युरोपातून कोणी तिथं पोचायच्या आधी जगातलं जायफळ तिथूनच यायचं. मलाय आणि इंडोनेशियाच्या भाषेत जायफळाला म्हणतात 'पाला'. पाला म्हणजे आपला झाडपाला नव्हे. तो आपला 'फल' हा शब्द आहे, संस्कृतातून तिकडे गेलेला. वास नाही, फूल नाही, कस्तुरी नाही. नुसतं फळ. इकडून गेलेल्या व्यापाऱ्यांनी 'फळ, फळ' म्हणून मागितलं असेल आणि तेच नाव पडलं असेल, असं मला वाटतं. हा माझा अंदाज, कोशातला नव्हे. आमच्याकडेही आंबेवाला 'फळ कसं आहे यंदा?' विचारतो तेव्हा तो आंब्याबद्दलच बोलतोय हे कळतं.

त्या बेटांचं पुढं जे झालं ते वाचल्यावर चार दिवस जायफळ हातात धरवेना. १५१२ साली पोर्तुगीज तिथं पोचले. त्यांच्या मागून डच आले. डच कंपनीला जायफळाचा सगळा व्यापार आपल्या एकटीच्या मुठीत हवा होता, आणि बांदाचे लोक ज्याला द्यायचं त्याला देत होते. १६२१ साली कंपनीचा गव्हर्नर यान पीटरझून कून फौज घेऊन आला. बेटावरच्या ४४ पुढाऱ्यांची मुंडकी उडवली. बेटांवर सुमारे पंधरा हजार वस्ती होती असं सांगतात. मारून, उपाशी ठेवून, गुलाम म्हणून हाकलून शेवटी हजारभर उरले. मग झाडांची वाटणी करून डच बागाईतदार बसवले आणि राबायला बाहेरून गुलाम आणले. त्यातल्याच रन नावाच्या एका बारक्या बेटावर इंग्रजांचा हक्क होता. १६६७ च्या तहात तो त्यांनी डचांना सोडला, आणि डचांनी इंग्रजांना अमेरिकेतलं मॅनहॅटन सोडलं. आजचं न्यूयॉर्क शहर जिथं उभं आहे ते.

एवढं सगळं एका बीपायी. आणि ज्यांनी ते झाड पिढ्यान्‌पिढ्या राखलं त्यांना त्या बीनं काय दिलं?

झाड तिथून बाहेर पडलं तेही चोरूनमारून. पिएर प्वाव्र नावाच्या एका फ्रेंच माणसानं १७७० च्या सुमाराला रोपं मॉरिशसला पोचवली. त्याच्या आडनावाचा अर्थच मुळी मिरी. पुढं १७९६ साली इंग्रजांनी बांदा बेटं घेतली, आणि त्यांनी तिथली रोपं पेनांगला, श्रीलंकेला, मग आपल्या दक्षिणेकडे नेली. बी नव्हे, रोपं. जिवंत रोप मातीसकट बोटीत चढलं तेव्हा कुठं जायफळ जगात पसरलं. आज आपल्या देशातलं बहुतेक जायफळ केरळात होतं. नाव दोन हजार वर्षांचं असलं तरी आपल्या मातीतलं झाड सव्वादोनशे वर्षांच्या आसपासचं आहे. 'जायफळ आपलंच, आपल्या ग्रंथात आहे' असं कुणी छाती काढून सांगितलं की मी म्हणतो, नाव आपलं, वास आपला, झाड पाहुणं. पाहुणं आलं आणि घरचं झालं, यात कमीपणा काही नाही.

आमच्या आगरात ते १९८६ साली आलं. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा. एका ओळखीच्या बागाईतदाराकडून बियांपासून केलेली चौदा रोपं आणली आणि चार माडांच्या मधल्या जागेत एकेक लावलं. जायफळाला लहानपणी सावली लागते, ओल लागते, पण पाणी साचलेलं चालत नाही. माडाच्या आळ्याचं पाणी त्यालाही मिळतं. दापोलीच्या कृषी विद्यापीठानं माडाखाली जायफळ, दालचिनी, मिरी, केळी अशी लाखी बाग करायला शिकवलं त्याच धर्तीवर आम्ही केलं. रोपं वाढली. पण फूल काही येईना. चार वर्षं झाली, पाच झाली, सहा झाली. वडील रोज संध्याकाळी शिपणं आटपलं की खोडावर हात ठेवून वर बघायचे.

जायफळाची झाडं नर आणि मादी अशी वेगळी असतात, जशी पपईची. पण पपई वर्षाच्या आत सांगून टाकते. जायफळ सहा-सात-आठ वर्षं तोंड उघडत नाही. तोवर नरालाही तेवढंच पाणी, तेवढंच खत. फूल आलं की मग ओळख पटते. नराची फुलं बारीक, घोसात लागतात. मादीचं फूल एखाद-दुसरं, आणि खाली पोट असलेलं, इवल्याशा घागरीसारखं. चिमटीत धरलं की कळतं.

सातव्या वर्षी, १९९३ साली, फुलं आली. चौदापैकी नऊ नर निघाले.

त्याच वर्षी आमच्या घरात तिसरी मुलगी झाली.

आता हे दोन्ही एकदम झालं त्याला मी काय करणार? सकाळी आगरात गेलो की वाटेत लोक थांबवून विचारायचे, "नऊ नर? अरेरे!" आणि घरी आलो की ओटीवर बसलेले लोक म्हणायचे, "तिसरीही मुलगीच? अरेरे!" तेच लोक, तोच सुस्कारा, नुसती जागा बदललेली. आगरात मादी हवी आणि घरात नर हवा. मी वडिलांकडे बघायचो, ते सुपारी कातरत बसायचे. त्यांनी अरेरे म्हटलं नाही, हे मला अजून आठवतं.

बाराव्या दिवशी बारसं. आमची आक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, घाटावर दिलेली. आत्या म्हणून बाळाच्या कानात नाव सांगायचा मान तिचा. ती आदल्या दिवशी एस्टीनं आली. रात्री माजघरात बायका बसल्या होत्या तेव्हा ती म्हणाली, "हिचं नाव नकुशी ठेवू या. आमच्याकडे ठेवतात. नको म्हटलं की देवाला कळतं, पुढचा मुलगा होतो."

आक्का वाईट नव्हती. तिला स्वतःला दोन मुली होत्या आणि त्यापायी तिनं काय ऐकलं होतं ते तिचं तिला ठाऊक. तिला खरंच वाटत होतं की ती भावाच्या भल्याचं सांगतेय. पण माझ्या बायकोनं भिंतीकडे तोंड केलं. मी दारात उभा होतो. मी म्हणालो, "आक्का, असलं नाव माझ्या घरात ठेवायचं नाही." आक्का म्हणाली, "तू गप्प बस, हे बायकांचं काम आहे."

तेव्हा आई बोलली. ती त्या वेळी सहाणेवर जायफळच उगाळत होती, बाळाला झोप लागावी म्हणून दोन वेढे. जास्त नाही, जास्त झालं की जायफळ बाधतं. तिनं हात थांबवला नाही, वर बघितलं नाही. म्हणाली, "हिचं नाव जाई. विहिरीवर फुललीय बघ किती. आणि आगरात पाच जाया निघाल्यात, त्यांच्यावर हे घर चालणार आहे. नकुशी म्हणायचं असेल तर त्या नऊ नरांना म्हण."

माजघरात पहिल्यांदा हसली ती आक्काच.

दुसऱ्या दिवशी आक्कानं बाळाच्या कानात सांगितलं ते जाई हेच नाव. मला तेव्हा आपट्यांचा कोश माहीत नव्हता, आईला तर अक्षरओळखही जेमतेम. 'जाति' म्हणजे जन्म, जाई आणि जायफळ हे एकाच शब्दाखाली आहेत हे गुरुजींनी मला त्यानंतर बऱ्याच वर्षांनी वाचून दाखवलं. तेव्हा कळलं की आई म्हणायची 'जाय म्हणजे लेक' हे कोशापासून फार लांब नव्हतं.

नऊ नरांपैकी एक ठेवला. दहा माद्यांना एक नर पुरतो. बाकीचे आठ तोडले नाहीत, कमरेएवढे छाटले. त्यातल्या दोघांच्या बुंध्याला फुटलेल्या धुमाऱ्यांवर पुढं मादी झाडांच्या काड्या बांधल्या आणि ते माद्या झाले. बाकी वठले.

आणि मग पाच झाडांनी दाखवलं की जायफळ नुसता वास नाही. फुलापासून फळ पिकायला नऊएक महिने लागतात. आई म्हणायची, बाईसारखंच. फळ पिवळं, पेरूएवढं. पिकलं की आपणहून मधोमध उकलतं, आणि आत लालभडक जाळी काळ्या चकचकीत बीवर गुंडाळलेली दिसते. भर पावसात, चहूकडे हिरवं आणि करडं असताना तो लाल रंग बघावा. हे त्या जुन्या नाव ठेवणाऱ्यांपैकी कुणालाच दिसलं नव्हतं.

त्यांना त्यामागचं कामही दिसलं नव्हतं. फळं उकलतात ती नेमकी पावसात. खाली पडलं आणि दोन दिवस राहिलं की बुरशी. रोज सकाळी वेचायचं. जायपत्री अख्खी, न फाटता सोडवायची. ती जायफळापेक्षा महाग, तुकडे झाले की भाव पडतो. हाताला लाल रंग चढतो तो साबणानं जात नाही. ऊन नाही म्हणून बिया रोवळीत घालून चुलीच्या वर धुरात टांगायच्या. महिना-दीड महिना. बी हलवून कानाशी धरायची, आत खुळखुळ वाजलं की वाळली. हे सगळं आमच्याकडे बायकांनी केलं. आईनं, बायकोनं, तिन्ही मुलींनी शाळेतून आल्यावर. वरच्या सालीचं लोणचं घातलं, मुरांबा केला. मोठ्या दोघींची कॉलेजं आणि लग्नं त्या पाच झाडांच्या मदतीनं झाली. पुढचा मुलगा झाला नाही. आम्ही वाटही बघितली नाही.

जाई कृषी पदविका करून आली. तिचं सासर दोन गावं पलीकडे, पण आगर तीच बघते. सातबाऱ्यावर तिघींची नावं मी माझ्या हयातीतच लावून घेतली. तिनं आल्याबरोबर सांगितलं, "बाबा, बियांची रोपं बंद. सात वर्षं कुणी थांबायचं?" ती कलमं बांधते. मादी झाडाची काडी बांधली की मादीच होणार, जुगार नाही, आणि फळही लवकर. त्यातही उभ्या वाढीची काडी घेतली तर झाड सरळ वर जातं, आडव्या फांदीची घेतली तर झुडपासारखं पसरतं. हे मला तिनं शिकवलं.

गिऱ्हाईक येतं, पुण्या-मुंबईचे लोक, आसपासचे शेतकरी. रोप हातात घेऊन पहिला प्रश्न विचारतात, "कुठल्या जातीचं?" दापोलीच्या कोकण सुगंधा, कोकण स्वाद या जाती लोकांना ऐकून माहीत असतात. जाई म्हणते, "जात सांगते, पण आधी आई दाखवते." आणि त्यांना आगरात नेऊन जिच्यावरून काडी घेतली ते झाड दाखवते. फळ किती धरतं, बी केवढी, जायपत्री केवढी, डोळ्यांनी बघा म्हणते. मला ते ऐकायला आवडतं. 'जाति' या शब्दानं आपल्या देशात माणसांचं काय काय केलं ते सांगायला नको. आडनाव ऐकून माणूस ओळखला असं समजणारे मी जन्मभर पाहिलेत. पण त्याच शब्दाच्या पोटात जन्म आहे, फूल आहे, फळ आहे. ते बघायचं तर झाडाजवळ जावं लागतं.

तिनं कलमांच्या आईझाडांना पत्र्याच्या पाट्या लावल्यात, नोंद ठेवायला सोपं जावं म्हणून. नंबर घालायचे सोडून नावं घातली. सगळ्यात जुनं, विहिरीजवळचं, ते 'आजी'. पाटाच्या कडेचं 'आई'. आणि गडग्याजवळ एक आहे, जरा वाकडं वाढलेलं, पण बी सगळ्यात मोठी. त्यावर पाटी आहे 'आक्काआत्या'.

आक्का आता पंचाहत्तरीला आली. गुडघे दुखतात, एस्टीचा प्रवास होत नाही. पण पतवंडांच्या गुटीसाठी जायफळ तिला आमच्याकडचंच लागतं, बाजारचं चालत नाही. परवा पुडी पाठवली तेव्हा जाईनं फोनवर तिला पाटीचं सांगितलं. पलीकडे थोडा वेळ काही ऐकू आलं नाही. मग आक्कानं विचारलं,

"फळ धरतं का गं?"

"सगळ्यांपेक्षा जास्त, आत्या."

"मग राहू दे नाव," आक्का म्हणाली.